कर्नेल बदलल्यानंतर सुरू न होणारा संगणक

जानेवारी २०१८च्या प्रारंभी संगणकाच्या जगात एक अप्रिय वार्ता पसरली. त्या महिन्याच्या ३ तारखेला ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या नावांनी ओळखले जाणारे दोन दोष जाहीर झाले. हे दोष एखाद्या आज्ञावलीतले नव्हते. अनेक वर्षे विकल्या गेलेल्या प्रोसेसरांच्या घडणीतच ते दडलेले होते. स्मृतीचा जो भाग सामान्य आज्ञावलीला कधीही दिसता कामा नये, तो या दोषांच्या वाटेने वाचता येणे शक्य होते. जगातले सारे प्रोसेसर बदलणे अशक्य असल्यामुळे उपाय कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, करावा लागला. आणि तोही घाईने करावा लागला.

लिनक्सवर आधारलेल्या ‘उबुंटू’ या कार्यप्रणालीच्या १६.०४ या आवृत्तीसाठी त्या वेळी ४.४.०-१०८ या क्रमांकाचे सुधारित कर्नेल वितरित करण्यात आले. बहुतेक संगणकांवर ते व्यवस्थित चालले. काही संगणक मात्र ते बसवल्यानंतर सुरूच होईनात. वितरकांनी चूक मान्य केली आणि लगोलग ४.४.०-१०९ हे दुरुस्त कर्नेल उपलब्ध करून दिले. परंतु येथे एक विचित्र पेच उभा राहिला. दुरुस्त कर्नेल जाळ्यावरून उतरवून घेण्यासाठी संगणक सुरू असावा लागतो, आणि ज्यांना त्या कर्नेलची खरी गरज होती त्यांचे संगणक तर सुरूच होत नव्हते.

या पेचाचे उत्तर त्याच संगणकांत दडलेले होते. नवे कर्नेल आले तेव्हा जुने पुसले गेले नव्हते; ते डिस्कवर तसेच शिल्लक होते. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून त्याची निवड केली की यंत्र पूर्ववत चालू होत असे आणि मग दुरुस्ती उतरवून घेता येत असे. ज्यांना हे ठाऊक होते, त्यांचे काम काही मिनिटांत झाले. हे ज्याला ठाऊक नसते, तो मात्र ‘सारे गेले’ अशा समजुतीने डिस्क कोरी करून संपूर्ण कार्यप्रणाली नव्याने बसवू पाहतो. आणि जे वस्तुतः सुरक्षित होते, ते आपल्याच हाताने गमावतो. हा अनर्थ टाळण्यासाठी संगणक सुरू होतो म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

सुरू होण्याची साखळी

संगणक सुरू करण्याच्या क्रियेला ‘बूट करणे’ म्हणतात. उंच बुटाच्या मागील बाजूस तो पायात ओढून घेण्यासाठी एक पट्टी असते. स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलणे, ही अशक्य कृतीसाठी वापरली जाणारी एक इंग्रजी कल्पना आहे. संगणकापुढे अगदी याच जातीची अडचण असते. डिस्कवरील आज्ञावली वाचण्यासाठी डिस्क कशी वाचावी हे सांगणारी आज्ञावली आधी स्मृतीत असावी लागते. वीज नुकतीच सुरू झालेल्या यंत्राची स्मृती तर रिकामी असते.

ही अडचण टप्प्याटप्प्याने सोडवली जाते. पालखी वाहणारे भोई जसे ठरावीक अंतरावर खांदा बदलतात, तसे एक लहान आज्ञावली आपल्याहून मोठीला उठवते, तिच्या हाती कारभार सोपवते आणि स्वतः बाजूला होते.

पहिला खांदा असतो मुख्य फलकावरील कायम स्मृतीत कोरलेल्या आज्ञावलीचा. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात तिला ‘बायॉस’ म्हणत. आजच्या संगणकांत तिची जागा ‘यूईएफआय’ या प्रमाणित पद्धतीने घेतली आहे. ही आज्ञावली स्मृती, कळफलक, पडदा आणि डिस्क यांची तपासणी करते आणि डिस्कवरील ‘बूट लोडर’ नावाच्या आज्ञावलीला हाक मारते. लिनक्सच्या जगात सर्वांत प्रचलित असलेला बूट लोडर म्हणजे ‘ग्रब’ होय. कोणते कर्नेल सुरू करायचे याची यादी पडद्यावर दाखवणे आणि निवडलेले कर्नेल स्मृतीत आणून सोडणे, एवढेच त्याचे काम.

त्यानंतर कर्नेल कारभार हाती घेते. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ कठीण कवचाच्या आत असलेला गर असा आहे, आणि तो येथे यथार्थ आहे. आपल्याला दिसणाऱ्या खिडक्या, चित्रे, लेखनाची साधने ही सारी कार्यप्रणालीची बाह्य अंगे होत. स्मृतीचे वाटप, प्रोसेसरच्या वेळेचे वाटप, डिस्क, पडदा, जाळे यांच्याशी प्रत्यक्ष व्यवहार ही कामे आतला गर करीत असतो. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने १९९१ साली असे एक कर्नेल लिहून सर्वांसाठी खुले केले. तेच लिनक्स होय. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहे. भारतात सी-डॅक या शासकीय संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणालीही लिनक्सवरच उभी आहे.

कर्नेलपुढे पुन्हा एक पेच असतो. ज्या डिस्कवर उर्वरित कार्यप्रणाली आहे, ती डिस्क वाचण्यासाठी त्या जातीच्या डिस्कचा ड्रायव्हर लागतो. आणि तो ड्रायव्हर त्याच डिस्कवर असतो. कपाटाची किल्ली कपाटातच राहून गेल्यासारखी ही स्थिती. यासाठी बूट लोडर कर्नेलच्या सोबत एक छोटी शिदोरीही स्मृतीत आणतो. तिला ‘इनिट्रामएफएस’ म्हणतात. सुरुवातीला लागणारे निवडक ड्रायव्हर आणि काही लहान साधने तिच्यात बांधलेली असतात. तिच्या साहाय्याने कर्नेल मुख्य डिस्क उघडते आणि पहिली सामान्य आज्ञावली सुरू करते. बहुतेक लिनक्स प्रणालींत हे काम ‘सिस्टमडी’ करते. ती इतर सर्व सेवांना क्रमाने जागे करते आणि अखेरीस वापरणाऱ्याला नाव व परवलीचा शब्द विचारणारा परिचित पडदा दिसतो.

नवे कर्नेल येते तेव्हा काय घडते

कर्नेल सुधारले जाते म्हणजे एक फाईल जाऊन तिच्या जागी दुसरी येते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः चार गोष्टी घडाव्या लागतात. ‘बूट’ नावाच्या कप्प्यात नव्या कर्नेलची फाईल ठेवली जाते. त्याच्या ड्रायव्हरांचा, म्हणजे मॉड्यूलांचा, स्वतंत्र संच दुसऱ्या कप्प्यात ठेवला जातो. या संचाला कर्नेलच्या आवृत्तीचेच नाव असते. त्या संचातून निवड करून नवी शिदोरी बांधली जाते. शेवटी बूट लोडरच्या यादीत नव्या कर्नेलची नोंद होते.

या चारही गोष्टी एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात. एका आवृत्तीचे कर्नेल दुसऱ्या आवृत्तीचे मॉड्यूल सामान्यतः स्वीकारीत नाही. त्यामुळे नव्या कर्नेलला जुनी शिदोरी चालत नाही, आणि शिदोरी अर्धवट बांधली गेली तर कर्नेल निर्दोष असूनही ते मुख्य डिस्कपर्यंत पोहोचत नाही. बूट न होणाऱ्या संगणकांच्या बाबतीत कर्नेलमध्येच खरी चूक असणे हे तुलनेने विरळ असते. पुष्कळदा या चार कामांपैकी एखादे अपुरे राहिलेले असते.

आणखी एक बाब ध्यानात ठेवली पाहिजे. नवे कर्नेल डिस्कवर येऊन बसले तरी चालू असलेला संगणक जुन्याच कर्नेलवर चालत राहतो. पुढच्या वेळी यंत्र सुरू केले जाते तेव्हाच नव्याचा कस लागतो. समजा, सोमवारी सुधारणा आपोआप बसली आणि गुरुवारी वीज गेल्यामुळे संगणक बंद पडला. वीज परत आल्यावर तो सुरू होत नाही, तेव्हा दोष वीजपुरवठ्याच्या माथी मारला जातो. खरे कारण तीन दिवसांपूर्वीचे असते. म्हणून निदान करताना ‘आज काय झाले?’ यापेक्षा ‘मागच्या वेळी यंत्र सुरू केल्यापासून काय काय बदलले?’ हा प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

पहिला उपाय : एक पाऊल मागे

संगणक अडला असता सर्वप्रथम जुने कर्नेल सुरू करून पाहावे. उबुंटूमध्ये ग्रबची यादी एरव्ही दिसत नाही. जुन्या बायॉस पद्धतीच्या संगणकावर सुरुवातीलाच शिफ्टची कळ दाबून धरल्यास, किंवा यूईएफआय असलेल्या संगणकावर एस्केपची कळ दाबल्यास ती प्रकट होते. तिच्यातील ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या ओळीखाली डिस्कवर असलेली सर्व कर्नेले क्रमांकानुसार मांडलेली असतात. सर्वांत वरच्याच्या खालचे निवडावे. ‘फेडोरा’ ही कार्यप्रणाली सामान्यतः शेवटची तीन कर्नेले राखून ठेवते. उबुंटू आणि डेबियन यांतही किमान एक जुने कर्नेल सहसा राहते. ‘आर्च’ या प्रणालीत मात्र नवे कर्नेल जुन्याच्या जागीच बसते. म्हणून तिचे जाणते वापरकर्ते दीर्घकाळ सांभाळले जाणारे दुसरे कर्नेल आधीपासूनच शेजारी बसवून ठेवतात.

या एका कृतीचे दोन लाभ आहेत. पहिला उघड आहे : काम पुन्हा सुरू होते. दुसरा निदानाचा आहे. जुन्या कर्नेलवर संगणक व्यवस्थित सुरू झाला, तर डिस्क, स्मृती, बूट लोडर आणि वापरणाऱ्याच्या सर्व फाईली ठीक आहेत हे सिद्ध होते. दोष नव्या कर्नेलच्या चार जोडीदारांपैकी कोठे तरी आहे. उलट जुने कर्नेलही चालले नाही, तर दोष बहुधा अन्यत्र आहे आणि कर्नेलची सुधारणा हा केवळ योगायोग असू शकतो. डिस्क झिजली असेल, किंवा एखादी सेटिंगची फाईल बिघडली असेल. इतके कळल्यावर अर्धे काम झालेले असते.

साखळी कोठे तुटली?

संगणक ‘सुरू होत नाही’ एवढ्याने काही बोध होत नाही. साखळीतील शेवटचा कोणता दुवा नीट चालला, हे पाहावे लागते. यासाठी पडद्यावरील शोभेचे चित्र हटवणे श्रेयस्कर. ग्रबच्या यादीत ‘ई’ ही कळ दाबली असता निवडलेल्या नोंदीचा मजकूर उघडतो. त्यात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ असे दोन शब्द असतात. ते खोडून कंट्रोल आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या की संगणक सुरू होताना काय करतो आहे, हे ओळीओळीने दिसू लागते. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. त्यामुळे तो निर्धास्तपणे करून पाहता येतो.

यादी दिसण्यापूर्वीच यंत्र थांबले किंवा ‘ग्रब रेस्क्यू’ असे शब्द दिसले, तर बूट लोडरला स्वतःचीच सामग्री सापडत नाही असे समजावे. येथे कर्नेलपर्यंत गाडी पोहोचलेलीच नाही.

यादीनंतर ‘कर्नेल पॅनिक’ हे शब्द आणि त्यांच्या जोडीला मूळ फाईलव्यवस्था उघडता आली नाही असा आशय दिसला, तर शिदोरीचा संशय घ्यावा. ती तयारच झाली नसेल किंवा कर्नेलला मिळाली नसेल. ‘पॅनिक’ म्हणजे घबराट. हा शब्द बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीकडून आला आहे. पुढे काम चालू ठेवणे सुरक्षित नाही असे आढळल्यावर कर्नेल जाणीवपूर्वक थांबते, एवढाच त्याचा अर्थ. भयसूचक नाव असले तरी थांबण्याचा हा निर्णय फाईलींच्या रक्षणासाठी असतो.

तिसऱ्या प्रकारात अमुक क्रमांकाची डिस्क अस्तित्वात नाही अशी सूचना येते आणि पडद्यावर ‘इनिट्रामएफएस’ असे लिहून पुढे आज्ञेची वाट पाहिली जाते. कर्नेल व शिदोरी दोन्ही मिळाली आहेत. परंतु मुख्य डिस्क सापडत नाही. शिदोरीत त्या डिस्कचा ड्रायव्हर नसावा, किंवा डिस्कची ओळख बदललेली असावी. लिनक्स डिस्कच्या प्रत्येक विभागाला ३२ अंकाक्षरांच्या एका ओळखक्रमांकाने ओळखू शकते. डिस्क बदलली किंवा विभाग नव्याने आखला की तो क्रमांक बदलतो.

चौथ्या प्रकारात ओळी सरकत राहतात आणि मग पडदा काळा पडतो. अशा वेळी संगणक पुष्कळदा चालू असतो. त्याला चित्र उमटवता येत नसते, इतकेच. पडद्याचा ड्रायव्हर नव्या कर्नेलशी जुळला नाही, हे त्याचे नित्याचे कारण. ग्रबच्या त्याच ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहून सुरू केल्यास साधे, काहीसे ओबडधोबड चित्र दिसू लागते आणि आत शिरता येते.

पाचव्या प्रकारात ‘इमर्जन्सी मोड’ असे शब्द येतात आणि मुख्य परवलीचा शब्द विचारला जातो. येथे कर्नेलने आपले काम पार पाडलेले असते. एखादा नोंदवलेला डिस्कविभाग सापडत नसल्यामुळे सिस्टमडी अडलेली असते. नवे कर्नेल निर्दोष असण्याचा संभव येथे अधिक.

कारणे आणि दुरुस्ती

सर्वांत वारंवार आढळणारे कारण अत्यंत साधे आहे : जागा संपणे. पुष्कळ संगणकांत ‘बूट’ या कप्प्यासाठी डिस्कचा एक छोटा, काहीशे मेगाबाइटांचा विभाग वेगळा काढलेला असतो. जुनी कर्नेले साचत जातात आणि एके दिवशी नवी शिदोरी बांधता बांधता जागा संपते. शिदोरी अर्धवट राहते. सूचना दिली जाते, परंतु ती कोणी वाचत नाही. जुन्या कर्नेलवर संगणक सुरू करून ‘डीएफ’ या आज्ञेने मोकळी जागा पाहावी. मग अनावश्यक कर्नेले काढावीत. मात्र ती फाईली हाताने पुसून नव्हे, तर कार्यप्रणालीच्या पॅकेज-व्यवस्थापकामार्फत काढावीत. सध्या ज्यावर संगणक चालू आहे, ते कर्नेल कधीही काढू नये. ते कोणते, हे ‘यूनेम’ या आज्ञेला ‘आर’ हे अक्षर जोडून विचारता येते.

जागा झाल्यावर अपुरे राहिलेले काम पुरे करावे. उबुंटू व डेबियन यांत ‘अपडेट-इनिट्रामएफएस’ या आज्ञेने शिदोरी पुन्हा बांधली जाते आणि ‘अपडेट-ग्रब’ या आज्ञेने यादी नव्याने लिहिली जाते. फेडोरामध्ये शिदोरी बांधणाऱ्या साधनाला ‘ड्राकट’ म्हणतात. या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्याव्या लागतात आणि त्यांना मुख्य प्रशासकाचे अधिकार लागतात. सुधारणा चालू असताना वीज गेल्यामुळे काम अर्धवट राहिले असेल, तर हाच उपाय लागू पडतो.

दुसरे कारण कर्नेलच्या बाहेरून आलेल्या मॉड्यूलांचे. पडद्याचे किंवा बिनतारी जाळ्याचे काही ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य संग्रहात नसतात; त्यांचे निर्माते ते स्वतंत्रपणे देतात. प्रत्येक नव्या कर्नेलसाठी ते पुन्हा घडवावे लागतात. हे काम आपोआप करणारी ‘डीकेएमएस’ नावाची व्यवस्था डेल या कंपनीतील अभियंत्यांनी तयार केली. नव्या कर्नेलची अंतर्गत रचना बदललेली असली आणि ड्रायव्हर जुनाच राहिला, तर हे घडवणे फसते. अशा वेळी जुन्या कर्नेलवर थांबून ड्रायव्हरची नवी आवृत्ती घ्यावी, किंवा तो काढून लिनक्सचा अंगभूत ड्रायव्हर वापरावा.

तिसरे कारण ‘सिक्युअर बूट’ या पहाऱ्याचे. २०१२ साली विंडोज ८ सोबत हा पहारा सर्वत्र पसरला. प्रत्येक दुव्याने पुढच्या दुव्यावरील सही तपासावी आणि सही ओळखीची नसेल तर त्यास उठवू नये, असा त्याचा नियम आहे. वितरकांनी दिलेल्या कर्नेलवर सही असते. घरी घडवलेल्या मॉड्यूलवर किंवा कर्नेलवर ती नसते. निदानापुरता हा पहारा यंत्राच्या मूळ सेटिंगमधून बंद करून पाहता येतो. परंतु त्याच संगणकावर कूटबद्ध केलेली विंडोज असेल तर तिच्या पुनःप्राप्तीची किल्ली आधी हाताशी ठेवावी. पहारा बदलताच ती मागितली जाऊ शकते.

शेवटचे कारण म्हणजे कर्नेलमधील खरी चूक. २०१८ सालचे उदाहरण याच प्रकारचे. येथे वापरणाऱ्याने करण्यासारखे फारसे नसते. जुन्या कर्नेलवर काम चालवावे, पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र काढून वितरकांना कळवावे आणि दुरुस्त आवृत्तीची वाट पाहावी. मागील प्रयत्नात काय घडले याची नोंद सिस्टमडीच्या रोजनिशीत पुष्कळदा मिळते. तीही सोबत पाठवावी.

बाहेरून आत शिरणे

एकही कर्नेल सुरू होत नसेल, तर दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या यूएसबी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करता येते. अशा वेळी यंत्र अंतर्गत डिस्कला हात न लावता चालू होते. प्रथम ती डिस्क केवळ वाचनासाठी उघडावी आणि महत्त्वाच्या फाईली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. दुरुस्तीला नंतर हात घालावा. हा क्रम उलटा केल्यामुळे झालेले नुकसान कर्नेलच्या बिघाडाने होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे असते. डिस्क कूटबद्ध असेल तर तिचा परवलीचा शब्द येथेही लागतो.

त्यानंतर अडलेल्या प्रणालीचे विभाग लिहिण्याच्या परवानगीसह पुन्हा जोडून ‘सीएचरूट’ या आज्ञेने तिच्यात प्रवेश करता येतो. या आज्ञेमुळे त्यानंतर तेथे चालवल्या जाणाऱ्या आज्ञावली अडलेल्या डिस्कलाच आपले मूळ मानू लागतात. मग वर सांगितलेल्या आज्ञा जणू तोच संगणक सुरू असल्याप्रमाणे देता येतात. ‘बूट’चा विभाग वेगळा असेल तर तोही जोडण्यास विसरू नये; अन्यथा नवी शिदोरी भलत्याच जागी ठेवली जाते आणि सारे श्रम केल्यावरही संगणक पूर्वीसारखाच अडतो.

बदल टाळणे हा उपाय नव्हे

एकदा असा प्रसंग अनुभवलेली माणसे सुधारणाच बंद करून टाकतात. हा मोह समजण्यासारखा आहे. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेली ‘कोहा’ ही ग्रंथालय-व्यवस्थापन प्रणाली भारतातील अनेक ग्रंथालयांत लिनक्सवर चालते. ज्या दिवशी तिचा संगणक अडतो, त्या दिवशी ग्रंथांची देवघेव थांबते आणि वाचक रिकाम्या हाताने परततात. तरीही सुधारणा नाकारणे अधिक धोक्याचे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्समधील ‘डर्टी काऊ’ नावाचा एक दोष दुरुस्त झाला. साध्या वापरकर्त्याला सर्वाधिकारी बनू देणारा हा दोष २००७ पासून, म्हणजे नऊ वर्षे, कर्नेलमध्ये होता. ज्यांनी ती सुधारणा घेतली नाही, त्यांचे यंत्र न अडता चालत राहिले, पण त्याचे दार उघडेच राहिले.

याच्या उलट बाजूचा धडा १९ जुलै २०२४ रोजी मिळाला. त्या दिवशी ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीने विंडोजच्या गाभ्यात काम करणाऱ्या आपल्या ड्रायव्हरसाठी पाठवलेली एक फाईल सदोष निघाली. येथे कर्नेल बदललेले नव्हते. परंतु परिणाम त्याच जातीचा होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. सदोष फाईल सुमारे ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली होती. तरी जे संगणक सुरूच होत नव्हते, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती जाळ्यावरून पोहोचणे दुरापास्त होते. त्यांतील बहुसंख्य यंत्रांपाशी माणसाला जाऊन, यंत्र ‘सेफ मोड’मध्ये उघडून ती फाईल पुसावी लागली. २०१८च्या उबुंटू संगणकांपुढे जो पेच होता, तोच येथे प्रचंड प्रमाणावर उभा राहिला.

यावरून सुधारणा केव्हा आणि कशी करावी, याचे काही नियम सहज निघतात. महत्त्वाच्या फाईलींची प्रत दुसरीकडे असावी. सुधारणेपूर्वी ‘बूट’ कप्प्यातील जागा पाहावी. सुधारणा चालू असताना वीज जाणार नाही याची तजवीज करावी. एकापेक्षा अधिक संगणक असतील तर सर्वांवर एकाच वेळी नवे कर्नेल बसवू नये. आधी एकावर बसवून पाहावे. सुधारणा बसल्यावर यंत्र आपल्या सोयीच्या वेळी, दुरुस्तीसाठी हाताशी अवधी असताना, मुद्दाम बंद करून सुरू करावे. नवे कर्नेल यशस्वीपणे सुरू झाल्यावाचून जुने काढू नये. पेनड्राइव्ह आधीच तयार करून ठेवावा; संगणक अडल्यावर तो तयार करण्यासाठी दुसरा संगणक शोधावा लागतो.

जुने शाबूत ठेवून नव्याची परीक्षा घेण्याचे हे तत्त्व आता यंत्रांच्या रचनेतही शिरले आहे. लिनक्स कर्नेलवरच चालणाऱ्या अँड्रॉइड दूरध्वनींसाठी २०१६ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून प्रणालीच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवण्याची सोय करण्यात आली. नवी प्रत रिकाम्या जागी बसते. ती सुरू होऊ शकली नाही तर दूरध्वनी आपोआप जुन्या प्रतीकडे परततो आणि वापरणाऱ्याला कित्येकदा त्याची जाणीवही होत नाही. टेबलावरील संगणकात मात्र ही निवड अजून बहुधा माणसालाच करावी लागते. अडलेल्या पडद्यापुढे बसलेल्या माणसाने डिस्क कोरी करण्यापूर्वी ग्रबची यादी एकदा उघडून पाहावी. जे कर्नेल काल चालत होते, ते बहुतेक वेळा तिच्यात एका ओळीखाली थांबलेले असते.